धामारीचा दरोडा आणि वासुदेव बळवंत

दोन वर्षांपूर्वी ऐन सुगीत आमच्या गल्लीत एका घरी चोरी झाली. घरची मंडळी लग्नाला दौंडला गेली होती. सकाळी शेजारणीने दार ढकललेले पाहिले आणि गलका केला. पंचनाम्याच्या वेळी मीही बघ्यांच्या गर्दीत उभा होतो. घरातली म्हातारी पाटल्या गेल्या म्हणून ऊर बडवत होती, पण हवालदारसाहेबांचे लक्ष पाटल्यांकडे नव्हतेच. दाराला नुसती कडी होती की कुलूप, कोयंडा उचकटला की कुलूप किल्लीने उघडले, चोर दारातून आला की कौले काढून, आणि शेवटच्या माणसाने घर धडके पाहिले तेव्हा दिवस मावळला होता का, हेच ते पुन्हा पुन्हा विचारीत होते. मला तेव्हा त्यांचा राग आला. माणसाचे सोने गेले आणि हे कोयंड्याची चौकशी करतात!

पुढे ग्रंथालयात दंडविधानाचे एक जुने पुस्तक हाती आले आणि राग ओसरला. त्यांचा एकेक प्रश्न म्हणजे गुन्ह्याचा एकेक घटक होता. कोयंड्यावरून ठरते ते फोडणे, चौकटीवरून ठरतो तो प्रवेश, दिवस मावळण्यावरून ठरते ती रात्र. आणि जो प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही, कारण उत्तर देणारा पळून गेला होता, तो सर्वांत मोठा. आत शिरणाऱ्याच्या मनात काय होते?

या शेवटच्या प्रश्नानेच मला वासुदेव बळवंत फडक्यांकडे नेले. आपल्या शिरूर तालुक्यातील सर्वांत गाजलेला दरोडा म्हणजे फेब्रुवारी १८७९ मधला धामारीचा, आणि तो घालणारा माणूस पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीतला कारकून होता. शाळेच्या पुस्तकात वासुदेव बळवंत आद्य क्रांतिकारक म्हणून भेटतात. तिथे धामारीला जेमतेम एक ओळ मिळते, आणि तीही जरा घाईने लिहिलेली. मी त्या ओळीपाशीच थांबून त्यांचे चरित्र सांगणार आहे.

वासुदेवांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण गावी झाला. आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. पेशवाई बुडाली, किल्ला गेला आणि किल्लेदाराच्या घरात किल्ल्याच्या गोष्टी तेवढ्या उरल्या. अशा घरातले मूल लवकर हट्टी होते. शिक्षण कल्याणला आणि मुंबईला झाले, इंग्रजी जेमतेम कामापुरते आले, आणि त्या काळच्या अनेक ब्राह्मण मुलांप्रमाणे वासुदेवांनी सरकारी लेखणी धरली. आधी मुंबईत एक-दोन ठिकाणी नोकऱ्या करून ते पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत आले आणि तिथे कित्येक वर्षे राहिले.

या नोकरीत असतानाच, १८७० च्या सुमारास, आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. रजेचा अर्ज साहेबाच्या टेबलावर पडून राहिला. शेवटी वासुदेव रजेची वाट न पाहता निघाले, पण शिरढोणला पोचले तोवर आई गेलेली होती. पुढच्या वर्षी तिच्या श्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली. त्यांच्या बंडाचे मूळ काही चरित्रकार या एका रजेत शोधतात. मला ते फार सोपे वाटते. रजा नाकारलेले कारकून हजारो होते, त्यांनी धामारी गाठली नाही. एवढे मात्र खरे की सरकार म्हणजे काय, याचा घरगुती धडा त्यांना तेथे मिळाला.

त्याच सुमारास पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांची देशी व्यापारावरची व्याख्याने झाली. देशातला पैसा बाहेर कसा जातो, हे आकडे मांडून सांगणारी ती व्याख्याने ऐकून वासुदेवांनी देशी वस्तूंचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत त्यांचे नाव घेतले जाते. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. म्हणजे हा माणूस शाळा काढणाऱ्यांतला आणि सभेला जाणाऱ्यांतला होता. दुसऱ्या बाजूला लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत तो दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकत होता. दत्ताची उपासना कडक होती. दुसरी पत्नी गोपिकाबाई हिला त्यांनी लिहायला-वाचायला आणि घोड्यावर बसायलाही शिकवले.

आता थोडे आपल्या मुलखाकडे वळू, कारण त्यावाचून धामारी समजणार नाही.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्याच करडे गावी एक घर पाडले गेले. ते पाडणारा चोर नव्हता. एका सावकाराने गावच्या एका देशमुखावर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला होता आणि त्या हुकूमनाम्याच्या जोरावर त्याने देशमुखाचे राहते घर उतरवून टाकले. भिंती पडल्या, दारे निघाली, माणसे उघड्यावर आली. फोडणे होते, आत शिरणे होते, दुसऱ्याचे राहते घर होते. पण हुकूमनामा खिशात असल्यामुळे गुन्हा नव्हता! गावाने सावकाराशी व्यवहार तोडले. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजाराच्या दिवशी वणवा पेटला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि आजचा दौंड तालुकाही त्याच भीमथडीत मोडत असे. पाहता पाहता शिरूर, भीमथडी, इंदापूर आणि पलीकडे नगर जिल्ह्यातल्या गावांतून सावकारांच्या घरांभोवती जमाव जमले. सुप्याला धान्य आणि कापड लुटले गेले हे खरे, पण बहुतेक गावांत लोकांनी मागितले ते कर्जरोखे. ते मिळाले की चौकात जाळायचे आणि घरी जायचे. कागद मिळाले तर सावकाराच्या अंगाला सहसा हात लागत नसे. सुमारे हजार जणांना अटक झाली, त्यांतल्या निम्म्यांना शिक्षा झाल्या, आणि सरकारने चौकशीला आयोग बसवला.

करड्याचे घर आणि सुप्याचे घर शेजारी ठेवून पाहा. एक कायद्याने फोडले, दुसरे कायदा मोडून. इंग्रजांच्या स्वतःच्या देशात घराला किल्ल्याचा मान आहे. १६०४ सालच्या एका गाजलेल्या निवाड्यापासून तिथे असा दंडक आहे की दिवाणी देण्यासाठी आलेल्या शेरीफानेसुद्धा घराचे बाहेरचे दार फोडू नये. तो किल्ला करड्याच्या देशमुखाच्या वाट्याला आला नाही. किल्लेदाराच्या नातवाला हे कळले असेल तर त्याला काय वाटले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

त्यावर १८७६ चा दुष्काळ आला आणि १८७८ पर्यंत रेंगाळला. माणसे खडी फोडायच्या कामावर गेली. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तो याच भुकेच्या वर्षांत. वासुदेव सुट्टी काढून, वेष बदलून गावोगाव हिंडले. माणसे कशी मरतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुण्यातल्या शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी लोकांत त्यांनी बंडाची भाषा बोलून पाहिली, पण कोणी हलले नाही. मग ते रामोशांकडे वळले.

रामोशी म्हणजे गावचा जागल्या. घर फुटले तर माग काढायचा तो त्याने, आणि माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवला की त्याची जबाबदारी संपली. या कामाबद्दल त्याला गावात हक्क होते. इंग्रजी पोलीस आले, हक्क आटले, आणि घर राखणारा माणूस हळूहळू घर फोडणारा म्हणून ओळखला जाऊ लागला. उमाजी नाइकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिल्याला अजून पन्नास वर्षेही झाली नव्हती. दौलतराव नाईक आणि त्यांचे साथीदार वासुदेवांबरोबर आले ते या पार्श्वभूमीवर.

फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव लोणीच्या बाजूला या मंडळींना भेटले आणि पहिला घाला धामारीवर पडला. सावकाराचे घर गाठून रोकड आणि माल घेण्यात आला. मिळकत फार नव्हती. त्यामागचा बेत मात्र मोठा होता. आधी पैसा उभा करायचा, पैशातून घोडी, हत्यारे आणि शिबंदी, मग एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी उठाव करायचे, तारा आणि रेल्वे तोडून सरकारचे हातपाय बांधायचे, तुरुंग फोडून कैद्यांना सामील करून घ्यायचे, आणि शेवटी इंग्रजी राज्य घालवून प्रजासत्ताक उभारायचे. धामारी ही त्यातली पहिली पायरी होती. पण ज्याच्या घरात हत्यारबंद माणसे घुसली त्या घरच्या बायकामुलांना ती पायरी दिसली नसणार, त्यांना भाले दिसले. हे आपण दडवू नये. वासुदेवांचा मोठेपणा त्या घरची भीती पुसून सिद्ध करायची गरज नाही.

आता कायद्याचे पुस्तक उघडू. धामारीला झाला तो गुन्हा कोणता?

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात घरफोडीचे पाच घटक मोजीत. फोडणे, शिरणे, दुसऱ्याचे राहते घर, रात्र, आणि आत गंभीर गुन्हा करण्याचा उद्देश. एक जरी निसटला तरी घरफोडी नाही, दुसरे काही असेल. या घटकांवर तिथल्या न्यायाधीशांनी शतकानुशतके कीस काढला आहे आणि तो वाचताना कधी हसू येते. उघड्या दारातून शिरला तर फोडणे नाही, पण नुसती कडी उचलली किंवा लोटलेले दार ढकलले तरी फोडणे. धुराड्यातून उतरला तर? धुराडे उघडेच असते, पण त्याहून जास्त बंद ते करता येत नाही, म्हणून तेही फोडणेच. दारावर धमकी देऊन किंवा सोंग करून दार उघडायला लावले तरी ते फोडल्यातच जमा. शिरण्याला अख्खा देह आत जावा लागत नाही, बोट गेले तरी पुरे. रात्र कोणती? दिवसाच्या उजेडात माणसाचा चेहरा ओळखू येईना की रात्र, चांदणे धरायचे नाही. पुढे १८३७ च्या कायद्याने घड्याळ लावले आणि रात्री नऊ ते सकाळी सहा अशी रात्र ठरली. तंबू मात्र घर नव्हे! तिथे राहणाऱ्याचा किल्ला कापडाचा, म्हणून त्याला संरक्षण नाही. आज इंग्लंडमध्ये यातले बरेचसे गेले आहे. १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने फोडणे काढून टाकले आणि रात्रही काढून टाकली. परक्या इमारतीत हक्काशिवाय शिरणे आणि उद्देश, एवढ्यावर आता मुख्य भर आहे.

मेकॉलेने आपल्याकडच्या दंडसंहितेचा मसुदा १८३७ साली केला, ती १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. म्हणजे धामारीच्या वेळी ती सतरा वर्षांची होती. तिने इंग्लंडचे पाच घटक जसेच्या तसे न घेता त्यांची उतरंड रचली. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायला, किंवा तिथल्या माणसाला धाक घालायला, त्याचा अपमान करायला अथवा त्याला त्रास द्यायला शिरला, की फौजदारीपात्र अतिक्रमण. ती जागा राहती इमारत, तंबू किंवा गलबत असेल, देऊळ असेल, मालाचे कोठार असेल, तर गृहअतिक्रमण. म्हणजे आपल्या धनगराचे पाल इथे घर ठरते, जे लंडनला ठरले नसते. मेकॉलेचे हे मला आवडले. लपूनछपून केले तर प्रच्छन्न गृहअतिक्रमण. आणि कलम ४४५ मध्ये सांगितलेल्या सहा वाटांपैकी एखादी वाट धरली तर घरफोडी. भिंतीला भोक पाडून, माणसाने जायच्या नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून, कडी सरकवून, कुलूप काढून, दारातल्या माणसाला धक्काबुक्की करून किंवा धमकावून. सापडलेल्या किल्लीने दार उघडले तरी घरफोडीच. सूर्यास्त ते सूर्योदय यांमध्ये केले तर रात्रीची घरफोडी आणि शिक्षा जास्त. चोरीच्या उद्देशाने रात्री घर फोडले तर चौदा वर्षांपर्यंत. आमच्या हवालदारांचे सगळे प्रश्न या पानांवर आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले, पण ही उतरंड बव्हंशी तशीच आहे.

पण धामारी या पानात बसत नाही. पाच किंवा अधिक माणसे मिळून जबरी चोरी करतात किंवा करू पाहतात तेव्हा तो दरोडा, असे कलम ३९१ सांगते. तिथे कोयंडा विचारला जात नाही, रात्रही विचारली जात नाही, घरसुद्धा लागत नाही, रस्त्यावरही दरोडा पडतो. माणसे मोजायची, बळजबरी पाहायची, आणि हजर राहून मदत करणाराही त्या पाचांत धरायचा. शिक्षा दहा वर्षे सक्तमजुरीपर्यंत किंवा जन्मठेप काळे पाणी. शिवाय नेहमी दरोडे घालणाऱ्या टोळीत नुसते असणे हाही वेगळा गुन्हा होता. घरफोडी करणारा एकटा आणि गुपचूप येतो, दरोडेखोर संख्येने आणि उघड येतो. कायद्याला दुसऱ्याची भीती जास्त वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण पाच माणसे एकत्र आली की त्यांना सरकारची भीती कमी वाटू लागते.

धामारीनंतर वाल्हे आणि पुरंदर-शिरूरच्या बाजूची आणखी गावे झाली. वासुदेवांच्या मनासारखे मात्र काही होईना. पैसा जमेना. साथीदारांचे मन वाटणीत गुंतलेले होते. स्वराज्याचे त्यांना फारसे पडलेले नव्हते, आणि त्यांना दोष देणे सोपे असले तरी दुष्काळातून उठलेल्या माणसाने आधी भाकरीकडे पाहिले यात नवल नाही. वासुदेव खचले. दौलतरावांच्या हाती टोळी सोपवून ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे देह ठेवावा असाही विचार मनात होता. आणि तिथे बसून त्यांनी आपले आत्मचरित्र लिहून काढले. आपण कोण, काय पाहिले, काय करायचे होते आणि ते का झाले नाही, सगळे. रोजनिशीही ते ठेवीत होते. कारकुनाची सवय जाता जात नाही! बंडखोराने हिशेब लिहून ठेवू नये, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मे १८७९ मध्ये दौलतरावांनी कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली इथे मोठे दरोडे घातले. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव ठार झाले. त्याच सुमारास वासुदेवांच्या जाहीरनाम्यांनी मुंबई सरकार हादरले. दुष्काळाने गांजलेल्यांना काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भारी पगार कापा, नाहीतर परिणामांना तयार राहा, असा त्यांचा आशय होता. सरकारने त्यांना पकडून देण्यासाठी बक्षीस लावले, तर त्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्यावरच बक्षीस लावले. एका कारकुनाने गव्हर्नरच्या डोक्याची किंमत ठरवावी, ही गोष्ट तेव्हाच्या विलायती वर्तमानपत्रांपर्यंत पोचली. श्रीशैलहून परतून वासुदेव गाणगापूरकडे रोहिल्यांची नवी शिबंदी उभारण्याच्या खटपटीत होते. मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक त्यांच्या मागावर होते. जुलै १८७९ मध्ये, आजच्या विजयपुरा जिल्ह्यातल्या देवर नावदगी इथे, तापाने आणि पायपिटीने थकून झोपलेले असताना ते पकडले गेले. त्यांच्या त्या वह्याही सरकारच्या हाती पडल्या.

पुण्यात संगमापाशी खटला चालला. त्या दिवसांत पुण्याचे प्रतिष्ठित लोक वासुदेवांशी आपला संबंध नाही हे सांगण्यात गुंतले होते. अशा वेळी सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, वकीलपत्र घेऊन उभे राहिले. सेशन्स कोर्टात महादेव चिमणाजी आपटे यांनीही त्यांची बाजू मांडली. आनंदाश्रम काढणारे आपटे ते हेच. या दोघांचे हे धैर्य आपण पुरेसे आठवत नाही असे मला वाटते.

आरोप दरोड्याचा होताच, शिवाय सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कटाचा आणि तयारीचा, आणि राजद्रोहाचा होता. इथे माझा पहिला प्रश्न परत येतो. आत शिरणाऱ्याच्या मनात काय होते? कायदा उद्देश आणि हेतू यांत फरक करतो. सावकाराची रोकड बळाने न्यायची, हा उद्देश. ती भुकेल्यांसाठी न्यायची की दारूसाठी, हा हेतू. दरोडा सिद्ध करायला उद्देश पुरतो, आणि हेतू कितीही पवित्र असला तरी त्याने गुन्हा पुसला जात नाही. फार तर शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने त्याचा विचार करावा. करड्याच्या सावकाराचा हेतूही कोणी विचारला नव्हता, त्याचा कागद तेवढा पाहिला होता. त्या अर्थाने हा नियम सर्वांना सारखा म्हणायचा, फक्त कागद कोणापाशी असतात एवढाच प्रश्न.

पण वासुदेवांच्या बाबतीत हा हेतूच फिर्यादी पक्षाने स्वतः होऊन कोर्टापुढे आणला. आत्मचरित्र आणि रोजनिशी इंग्रजीत उतरवून पुराव्यात दाखल झाली. धामारीचा पैसा कशासाठी हवा होता, हे ज्या पानांवर लिहिले होते तीच पाने सरकारविरुद्धच्या युद्धाचा उद्देश म्हणून वाचली गेली. दरोड्याच्या खटल्यात जी गोष्ट आरोपीची सबब ठरली असती, ती राजद्रोहाच्या खटल्यात त्याच्यावरचा मुख्य आरोप ठरली. वकिलांपुढचा पेच भयंकर होता. आमचा अशील लुटारू नव्हे असे म्हणावे तर तो बंडखोर ठरतो, आणि बंडखोर नव्हे म्हणावे तर उरतो नुसता लुटारू. पहिल्या वाटेला काळे पाणी होते, आणि दुसऱ्या वाटेलाही काळे पाणी होऊ शकत होते, कारण दरोड्याची कमाल शिक्षाही तीच. मग फरक काय पडला? माझ्या मते फरक शिक्षेत पडला नाही, नोंदीत पडला. वह्या नसत्या तर पुणे जिल्ह्याच्या दप्तरात १८७९ सालच्या दरोड्यांच्या यादीत एक फडके राहिला असता, रामोशांच्या नावांशेजारी, आणि पुढे कोणी त्याला ओळखले नसते. ज्या पानांनी त्यांना दोषी ठरवले त्याच पानांमुळे ते दरोडेखोर म्हणून उरले नाहीत. १९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचा जो पहिला खंड काढला, त्यात हे लेखन छापले गेले. ज्याच्याविरुद्ध ते वापरले त्याच्याच बाजूने ते आज बोलते. दौलतराव नाइकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या मनात काय होते याची वही कुठेच नाही, म्हणून ती माणसे अजून यादीतच आहेत. हे मला नेहमी खटकते.

नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वरिष्ठ न्यायालयातही ती कायम राहिली. योगायोग असा की त्याच वर्षी दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यावरचा हुकूमनामा आता पूर्वीइतका सहज मिळेनासा झाला. न्यायाधीशाने कागदाच्या मागे जाऊन खरा व्यवहार पाहावा, असे त्या कायद्याने सांगितले. सावकाराच्या दाव्यात तेवढ्यापुरता हेतू विचारला जाऊ लागला.

वासुदेवांना ठाण्याच्या तुरुंगातून जानेवारी १८८० मध्ये एडनला नेण्यात आले. समुद्रापलीकडचा तो रखरखीत मुलूख, भाषा परकी, पायात बेड्या. तिथेही त्यांनी एक दार पाहिले. एका रात्री कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचलून काढून ते बाहेर पडले. कलम ४४५ मध्ये आत शिरण्याबरोबर बाहेर पडण्याचीही तरतूद आहे. गुन्ह्यासाठी घरात शिरलेला माणूस फोडून बाहेर पडला तरी ती घरफोडीच. पण तुरुंग हे कैद्याचे घरही नव्हे आणि दुसऱ्याचेही नव्हे. त्याला वेगळे कलम आहे, कायदेशीर कैदेतून पळण्याचे. काही मैल गेल्यावर ते पुन्हा पकडले गेले आणि त्यांच्यावरचा पहारा अधिक कडक झाला. प्रकृती ढासळत गेली, त्यांनी अन्न सोडले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. वय सदतीस. धामारीला चार वर्षे पुरी व्हायला थोडेच दिवस उरले होते.